वाकड्या रेघेचा संशय

मुंगीच्या दुकानातल्या चिंध्या तिची आई रोज पिशवीत भरून घरी न्यायची. उशांत भरायला, असं सांगायची. घरात माणसं दोन, आणि उशा इतक्या की कोणी बसायला आलं तर आधी उशा उचलून जागा करून द्यावी लागे. "आता आपणच उशांत राहायला जाऊ," मुंगीचे बाबा म्हणायचे, "घर देऊन टाकू भाड्याने." आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. उशा हे नुसतं निमित्त होतं. तिला हव्या असायच्या त्या चिंध्यांवरच्या खडूच्या रेघा.

मुंगी कोट कापायची. कोट शिवणारे पुष्कळ सापडतात, कापणारे थोडे. सपाट कापडावर खडूने आखून त्यातून खांदा, पाठ, बाही वेगळी काढायची आणि ते तुकडे जोडल्यावर जिवंत माणसाच्या अंगावर बसले पाहिजेत, हे खरं काम. शहरातल्या वाद्यवृंदाचे सगळे काळे कोट तिच्या हातचे होते. व्हायोलिनवाल्याचा हात सतत उचललेला, म्हणून त्याच्या कोटाचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, ती पार काखेपर्यंत वर चढवायची. तसं केलं की हात कितीही हलला तरी कोट जागचा हलत नाही. ढोलवाल्याच्या पाठीला ती चुण्या सोडायची. "तुम्ही कसे दिसता ते मला दिसतंय," ती माप घेताना म्हणायची, "दिवसभर करता काय ते सांगा."

लहानपणी तिला स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू ओढत न्यायची खोड होती, म्हणून बाबांनी मुंगी हे नाव ठेवलं. चाळिशी जवळ आली तरी ते सुटलं नव्हतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला एके दिवशी तिच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं. ते विरलं, मग डावा पाय फरफटू लागला. बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची स्वतःचीच फौज नसांवरचं आवरण कुरतडते. मग मेंदूने धाडलेला निरोप वाटेत अडकतो, उशिरा पोचतो, कधी पोचतच नाही. मधूनच झटका येतो, काही आठवडे मुक्काम करतो आणि जाताना थोडं काहीतरी बरोबर घेऊन जातो. एकदा त्याने पायातलं बळ नेलं, एकदा बोटांच्या टोकांची जाणीव.

मुंगी या पाहुण्याविषयी फारसं बोलत नसे. "कशी आहेस?" या प्रश्नाला तिचं एकच उत्तर: "झकास." अंगात ताप असला तरी झकास, पाय उचलत नसला तरी झकास. आईने वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेली. मुळाला काय झालंय ते पानावरून ओळखायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मूळ बोलत नाही म्हटल्यावर तिने पानं बघायला सुरुवात केली. चप्पल कोणत्या कडेने झिजली, दाराच्या चौकटीवर हाताचे डाग किती उंचीवर आहेत, कपात चहा किती ओतला जातो. एका मोठ्या झटक्याच्या आधी मुंगीची खडूची रेघ थरथरू लागली होती, हे तिला मागाहून आठवलं, आणि तेव्हापासून ती चिंध्या गोळा करू लागली. मुलीला याचा पत्ता नव्हता, निदान आईची तशी खात्री होती.

दुकान दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर. मागच्या खोलीत मुंगी एकटी राहायची. दुकानाचे कायदे तिनेच केलेले. दुपारचं ऊन चढलं की अंगातलं बळ उतरतं, म्हणून मापं सकाळीच. दुपारी ती कापायच्या मोठ्या मेजाखाली गादी सरकवून झोपायची आणि दारावर पाटी लावायची: "मी मेजाखाली आहे. घाई असेल तर तुम्हीही झोपा." दमून थांबायचं नाही, दमायच्या आधी थांबायचं, हा तिचा सगळ्यात कडक कायदा, तो समजायला तिला स्वतःला दहा वर्षं लागली होती. हातातल्या काठीवर तिने इंचांच्या खुणा केल्या होत्या. काठी आधाराला, कापड मोजायला आणि आगाऊ गिऱ्हाइकाच्या पोटरीला टोचायला, अशी तिन्हीकडे चालायची. लांब जायचं असेल तर चाकांची खुर्ची. रोज सकाळी तलावात पोहायची. गार पाण्यात शिरलं की तिचा चेहराच पालटायचा. "इथे मला दोन्ही पाय असतात," ती म्हणायची.

आई हे सगळं बघायची आणि तिला मुलीचा अभिमान वाटायचा. पण अभिमान वाटला म्हणून विश्वास बसतोच असं नाही.

त्या महिन्यात वाद्यवृंद दीड महिन्याच्या दौऱ्यावर निघणार होता, गावोगाव, आणि कोट सांभाळायला मुंगीने बरोबर जायचं ठरलं होतं. इतके दिवस, इतक्या लांब, ती कधी गेली नव्हती. वाद्यवृंदाच्या व्यवस्थापक बाईंना सगळे शिट्टी म्हणत. वादकांना गोळा करायला त्या दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारत की कबुतरं उडावीत. शिट्टीने मुंगीला विचारलं तेव्हा मुंगीने फक्त दोन गोष्टी विचारल्या: उतरायच्या ठिकाणी पायऱ्या किती आणि संडास किती लांब. उत्तरं ऐकून ती हो म्हणाली होती. गेले कित्येक दिवस ती गुणगुणत कोट इस्त्री करत होती.

आणि नेमक्या तेव्हाच चिंध्यांवरच्या रेघा वाकड्या झाल्या.

आईने पहिली बघितली तेव्हा ती चुकून असेल म्हणून सोडून दिली. दुसऱ्या दिवशी पिशवीत तशाच चार निघाल्या. रेघ सुरू व्हायची सरळ, मध्ये कचरायची, मग एखाद्या घाबरलेल्या माणसासारखी भलतीकडेच वळायची. तिने चिंध्या नवऱ्यापुढे धरल्या.

"अहो, हे बघा."

"काय आहे? नदीचा नकाशा?"

"मुंगीचा हात गेलाय. सांगत नाहीये आपल्याला. दौऱ्यासाठी लपवतेय."

"किंवा दुकानात मांजर शिरलंय आणि त्याने आखलंय," बाबा म्हणाले. "तू पोलिसांत जायला हवं होतंस. चोरांनी स्वतःहून हात वर केले असते."

पण आईला आता जिकडे तिकडे तेच दिसू लागलं. दुपारच्या झोपेनंतर दार उघडायची वेळ झाली तरी आतून कडी. वाजवलं की "आले, आले", आणि काहीतरी घाईघाईने खणात लोटल्याचा आवाज. दार उघडल्यावर मुंगीचा चेहरा लालबुंद, डाव्या अंगठ्याला चिकटपट्टी.

"हे काय लागलं?"

"काही नाही गं. घासलं."

"कशाने?"

"कामाने. डब्यात काय आणलंस?"

उजवा हात घसरला आणि कात्री डाव्या अंगठ्यावर आली, आईने मनाशी जोडून टाकलं. मग एकदा मुंगी मागच्या खोलीत गेली असताना तिने कापडाचा गठ्ठा जरा उचलून पाहिला. खाली कात्री. नवी कोरी, चकचकीत, मुंगीच्या नेहमीच्या कात्रीपेक्षा वेगळी. तिने एक चिंधी घेऊन चालवून बघितली. कापड दोन पात्यांच्या मध्ये दुमडलं आणि तसंच अडकून बसलं. परत चालवली. परत तेच. नवी कात्री आणि कापत नाही! लहान मुलांच्या हातात बोथट कात्री देतात, लागू नये म्हणून. पोरीला आपल्याच हाताची भीती वाटतेय. मेजावर ग्राहकांना दाखवायला धारदार कात्री, आणि आत ही.

त्या दिवशी तिने सरळच विचारलं, "कशी आहेस?"

"झकास," मुंगी म्हणाली.

इतक्या वर्षांत या शब्दाची आईला एवढी चीड कधी आली नव्हती.

दोन दिवसांनी सकाळी मुंगी पोहायला गेलेली असताना शिट्टी दुकानात आली. आई एकटीच केर काढत होती. शिट्टी घाईत होती, मोटारीत जागा कोणाला कुठे द्यायची ते तिला ठरवायचं होतं.

"काय काकू, तुमची मुंगी तयार आहे ना? बरं चाललंय ना तिचं?"

नुसता बोलायचं म्हणून विचारलेला प्रश्न होता. आईच्या हातातला केरसुणीचा फटकारा थांबला. मुलीच्या परवानगीशिवाय एक अक्षर बोलायचं नाही हे तिला ठाऊक होतं. तिला मुंगी एखाद्या परक्या गावातल्या खोलीत, पलंगावरून उठता न येणारी, अशी दिसली, आणि तोंडातून निघून गेलं: "डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलीय तिला. ती सांगणार नाही. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

शिट्टी हळूच म्हणाली, "मला नाही बोलली ती." आणि गेली.

संध्याकाळी मुंगीला निरोप आला: डॉक्टरांची प्रवासाला मनाई आहे असं कळलं, तब्येत सांभाळ, दौऱ्याला दुसरा शिंपी ठरवला आहे, पुढच्या वर्षी बघू.

दुसऱ्या दिवशी आई डबा घेऊन आली तेव्हा दाराला कडी नव्हती. मुंगी चाकांच्या स्टुलावर बसलेली, समोर मोकळं मेज.

"डॉक्टरांनी मला प्रवासाला मनाई केलीय म्हणे," मुंगी म्हणाली. "मलाच माहीत नव्हतं. तुला आहे का माहीत?"

आईने डबा ठेवला. नाही म्हणायचं तिच्या जिभेवर आलं होतं. त्याऐवजी ती म्हणाली, "तुझा हात थरथरतोय."

"कोण म्हणतं?"

आईने पिशवी मेजावर उलटी केली. वाकड्या रेघांचे काळे तुकडे पसरले. मुंगीने त्यातला एक उचलून उजेडात धरला.

"म्हणजे तू अजून वाचतेस तर."

"अजून म्हणजे?"

"आई, उशा भरायला तुला खडूच्या रेघा असलेल्याच चिंध्या कशा लागतात गं? अस्तराचे तुकडे तू आजवर कधी नेले नाहीस. मऊ तर तेच असतात."

आई खुर्चीवर बसली.

"वाईट दिवसांच्या चिंध्या मी आधीच काढून टाकते," मुंगी म्हणाली. "कित्येक वर्षं झाली. तुला मिळतात त्या निवडून ठेवलेल्या. मागच्या हिवाळ्यात मी मैत्रिणीकडे राहायला गेले होते ना? रुग्णालयात होते. उजवा हात खांद्यापासून परका झाला होता. सलाइनमधून औषध दिलं, मग हळूहळू आला परत. शिट्टी न्यायची-आणायची."

इतकी वर्षं जे पान बघून आईने मुळाची परीक्षा केली, ते पान मुलगी रोज पुसून, चकचकीत करून तिच्यापुढे ठेवत होती. तिला रागवावं की रडावं कळेना. तेवढ्यात तिला सुचलंच: "मग या वाकड्या कशा राहिल्या पिशवीत?"

मुंगीने खडू घेतला. उजव्या हाताने एक रेघ ओढली. पट्टी न लावता सरळ. मग खडू डाव्या हातात घेतला. रेघ सुरू झाली सरळ, मध्ये कचरली, भलतीकडे वळली.

"उजवा गेला तेव्हा ठरवलं, पुढच्या खेपेला दुकान बंद ठेवायचं नाही. चांगले दिवस आहेत तोवर डाव्याला शिकवून ठेवायचं. अजून पहिलीत आहे तो, हट्टी आहे. पण या काही आजाराच्या रेघा नाहीत ना, अभ्यासाच्या आहेत. लपवाव्यात असं मनातच आलं नाही."

"आणि ती बोथट कात्री?"

"कुठली? ती?" मुंगीला हसू फुटलं, पण ते टिकलं नाही. "ती डावखुऱ्यांची आहे. पाती उलटी असतात. तू उजव्या हाताने चालवलीस ना? नाहीच कापणार. डाव्या हाताचा अंगठा सोललाय तिने."

"मग कडी का लावायचीस?"

"तू बघायला लागलीस की माझा उजवासुद्धा वाकडं कापतो."

बाहेरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मुंगीने चिंध्या एकेक करून पिशवीत भरल्या.

"चिंध्यांचा मला राग नाही, आई. तू डॉक्टरांच्या तोंडी शब्द घातलेस. शिट्टीला वाटतंय, मी तिच्यापासून मनाई लपवली. हात गेला तर काय करायचं ते मी शिकतेय. खोटारडी ठरले तर त्याला डावा हात नाही माझ्याकडे."

आईने डबा उघडला नाही. पदर खोचला आणि तशीच निघाली.

तालमीच्या सभागृहाच्या मागच्या दाराशी शिट्टी पेट्या मोजत उभी होती. आईने प्रस्तावना गाळली. "डॉक्टर काही बोलले नाहीत. मी खोटं बोलले."

शिट्टीने डोळे बारीक केले. "काल खोटं की आज?"

"काल."

"तिने पाठवलंय तुम्हाला?"

"नाही. तिला माहीतही नाही मी इथे आलेय ते."

"हे तर कोणीही म्हणेल, काकू." शिट्टी पेटीवर बसली. "माझी पंचाईत समजून घ्या. काल मला वाटलं, मुंगी फसवतेय. आज तुम्ही म्हणता, मी फसवलं. उद्या तिचे बाबा येतील आणि तिसरंच सांगतील. मी विश्वास कोणावर ठेवू?"

आपण मुलीकडे इतकी वर्षं ज्या नजरेने बघत आलो तीच नजर आता आपल्यावर आहे, हे आईला जाणवलं. फार बोचरी होती ती. "माझ्यावर नका ठेवू," ती म्हणाली. "तिलाच विचारा."

शिट्टीने विचारलं. दुकानात येऊन, उभ्या उभ्या, आईच्या देखत.

"मनाई आहे?"

"नाही. उन्हात थांबू नको, औषधाची तारीख चुकवू नको, दमायच्या आधी झोप, एवढंच."

"वाटेत झटका आला तर?"

"येऊ शकतो," मुंगी म्हणाली. "येणार नाही असं मी तुला लिहून देणार नाही. उजवा गेला तर डाव्याने बटणं लावीन, तेवढा तयार झालाय. कापण्याइतका नाही. दोन्ही गेले तर तोंड आहेच. कोणाचा कोट कुठे सैल करायचा ते सांगीन."

"त्या दुसऱ्या शिंप्याला मी शब्द दिलाय. तो येणार."

मुंगीच्या कपाळावर आठी पडली. एकटीने सांभाळायचा दौरा आता वाटून घ्यावा लागणार होता. एका खोट्या वाक्याची ती किंमत होती आणि ती तिला भरावी लागत होती. आई खाली बघत राहिली.

"येऊ दे," मुंगी शेवटी म्हणाली. "पण मुंढ्याला हात लावायचा नाही त्याने. तो माझा."

"ठरलं. आणि काकू, तुम्ही मला फोन करायचा नाही."

"मी कशाला करीन?" आई म्हणाली.

त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि एकदमच खिदळल्या. आईला ते फारसं आवडलं नाही.

शिट्टी गेल्यावर मुंगीने आईशीही ठरवून घेतलं. दौऱ्यात आईने फोनवर दिवसातून एकदाच विचारायचं. मुंगीने झकास म्हणायचं नाही, असेल ते सांगायचं. पण मग आईने ते ऐकायचं, नुसतं ऐकायचं. डॉक्टरांना कळवायचं नाही, शिट्टीला नाही, पिशवी भरून पहिल्या गाडीने यायचं नाही.

"यायचं नाही म्हणजे, अगदीच काही झालं तर?"

"मी ये म्हणाले तर ये."

आईने मान डोलावली. हे जमेल असं तिला मुळीच वाटत नव्हतं, आणि मुंगीलाही वाटत नव्हतं.

दौरा सुरू झाल्यावर पहिले काही दिवस फोनवर सगळं चांगलंच यायचं. कोट नीट आहेत, त्या शिंप्याचा हात बरा आहे पण तो घोरतो, एका गावात तळं सापडलं, सकाळी पोहले, दोन बासरीवाल्या बायकांनाही पाण्यात ओढलं. आईचा संशय काही निवायला तयार नव्हता. फोन ठेवला की ती बाबांना विचारायची, "आवाज जरा खोल वाटला का?" बाबा म्हणायचे, "लांबून येतोय तो. खोल वाटणारच."

मग एका संध्याकाळी मुंगी म्हणाली, "आज पाय जड आहे. सकाळपासूनच. कार्यक्रमाला चाकांच्या खुर्चीतून जाणार आहे. डोळा ठीक आहे. हात ठीक आहेत."

आईच्या ओठांवर प्रश्नांची झुंबड उडाली. ताप आहे का? कोणाला दाखवलंस का? औषध? उद्याच परत ये. तिने फोन या हातातून त्या हातात घेतला. बाबा समोरून बघत होते.

"आई? आहेस ना?"

"आहे," आई म्हणाली. "ऐकतेय."

"बरं," मुंगी म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "बरं वाटलं सांगून. ठेवते. ढोलवाल्याची शिवण उसवलीय."

फोन बंद झाला. "काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

"पाय जड आहे म्हणाली."

"मग? निघायचं का आपण? पिशवी भरू?"

आई दाराकडे गेली, चप्पल पायात सरकवली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागत होते. तिने चप्पल परत काढून ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "तिने ये म्हटलं नाही."